समुद्राचा अर्क आणि पावसाचा खंड

दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा ब्रिटनला ज्या असंख्य वस्तूंची चणचण भासू लागली, त्यात ताग होता. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गिरण्या बंगालच्या तागावर चालत आणि आता जहाजांच्या वाटेवर जर्मन पाणबुड्या टपून बसल्या होत्या. तोफा, गाड्या, गोदामं आकाशातून दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर पसरायच्या जाळ्यांना तर ढिगाने सुतळी लागे. मग घरच्याच किनाऱ्याकडे नजर गेली. खडकाखडकावर माजलेल्या त्या समुद्री शेवाळातून धागा काढता येईल का, याचा शोध सुरू झाला. या कामात रेजिनाल्ड मिल्टन नावाचा एक जीवरसायनशास्त्रज्ञ होता.

धागा काही कामाला पुरा पडला नाही. पण चिवट, बुळबुळीत शेवाळ विरघळवायचं कसं, हे मिल्टनला उमगलं होतं. युद्ध संपल्यावर त्याने तोच धागा वेगळ्या दिशेने ओढला. क्षारयुक्त पाण्यात शेवाळ घालायचं, बंद भांड्यात दाबाखाली तापवायचं, की त्याचा गडद तपकिरी रस होतो. १९४७च्या सुमारास हा रस त्याच्या हाती आला आणि १९५२ साली त्याचं पेटंट झालं. पेटंटमधला हेतू स्वच्छ होता: बागायतीसाठी आणि शेतीसाठी खत.

आज नाशिकच्या द्राक्षबागेत किंवा लातूरच्या सोयाबीनवर ‘सी-वीड’ म्हणून जे मारलं जातं, त्याच्या वंशावळीत हा रस फार वरच्या पिढीत बसतो. मात्र तो खत म्हणून जन्मला आणि दुष्काळावरचा उपाय म्हणून नावारूपाला आला. या दोन टोकांमधल्या प्रवासात विक्री नेहमी पुढे राहिली आणि शास्त्र मागून धापा टाकत आलं. या अर्काबद्दल आपल्याकडे जो गोंधळ आहे, त्याचं मूळ या क्रमात आहे.

ओझं हलकं झालं

शेवाळ शेतात घालणं ही काही मिल्टनची कल्पना नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला या रोमन शेतीलेखकाने कोबीची रोपं सहा पानांवर आली की उपटून, मुळांना पातळ शेणकाला फासून, त्याभोवती शेवाळाच्या तीन पट्ट्या गुंडाळून लावावीत असं सांगून ठेवलं आहे. फ्रान्सच्या ब्रिटनी आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर शेवाळ ही इतकी मोलाची चीज होती, की ते कोणी, कधी आणि कुठे कापायचं याचे नियम १६८१च्या शाही सागरी कायद्यात घालावे लागले. आयर्लंडच्या पश्चिमेला अरान बेटांवर नुसता चुनखडीचा उघडा कातळ. तिथल्या माणसांनी पाठीवरून वाळू आणि शेवाळ वाहून आणलं, कातळावर थरावर थर दिले आणि त्यात बटाटा पिकवला. म्हणजे त्यांनी खतच नव्हे, माती तयार केली.

पण हे सगळं किनाऱ्यापुरतं. ताज्या शेवाळात बहुतांश पाणीच. ते बैलगाडीत भरून चार-सहा मैलांपलीकडे न्यायचं म्हणजे गाडीभाडं पिकापेक्षा जड. ज्या शेतकऱ्याला समुद्र दिसत नाही, त्याला शेवाळाचा उपयोग नाही, असा हजारो वर्षांचा हिशेब होता. मिल्टनच्या रसाने हा हिशेब मोडला. गाडीभर शेवाळाचं काम आता डब्यात मावत होतं आणि डबा कुठेही जाऊ शकत होता.

डबा कुठे न्यायचा हे ठाऊक असलेला माणूसही मिल्टनला भेटला. डब्ल्यू. ए. स्टीफन्सन हा हिशेब आणि बँकेच्या व्यवहारात मुरलेला गृहस्थ. त्याने या रसाचं ‘मॅक्सिक्रॉप’ हे नाव बाजारात रुजवलं आणि पुढे १९६८ साली शेती-बागायतीतल्या शेवाळावर एक पुस्तकच लिहिलं. ब्रिटनमधले बागकामवाले, हिरवळीचे माळी, भाजीवाले यांच्याकडून पत्रं येत: टोमॅटो जास्त दिवस टिकले, गवत हिरवंगार राहिलं, थंडीचा कडाका सोसला, उन्हाळ्यात झाडं तगली.

शास्त्रज्ञांनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या, आणि त्यांचा आक्षेप बिनतोड होता. खत म्हणायचं तर नत्र-स्फुरद-पालाश मोजा. एकरी लिटरभर अर्कात नत्र निघालं तर काही ग्रॅम, आणि पिकाची भूक किलोंत. एवढ्याशा अन्नावर पीक सुधारतं म्हणणं म्हणजे चिमूटभर पिठात गावजेवण उरकल्यासारखं. स्कॉटलंडमध्ये युद्धकाळातच, १९४४ साली, शेवाळावर संशोधन करणारी संस्था उभी राहिली होती आणि १९५२ला एडिंबरात पहिली आंतरराष्ट्रीय शेवाळ परिषदही भरली. तरी अर्काच्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नव्हते. एका शेतात फरक दिसे, शेजारच्या शेतात काहीच नाही.

अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या क्लेमसन विद्यापीठात टी. एल. सेन यांनी १९६०च्या दशकापासून हा विषय चिकाटीने लावून धरला. बियाणं उगवण्यापासून फळं टिकण्यापर्यंत त्यांनी अर्काचे परिणाम तपासले. परिणाम आहे असं त्यांना दिसत होतं. कशामुळे, हा प्रश्न मात्र उघडाच होता.

खत नाही, मग काय?

उत्तराचा पहिला तुकडा इंग्लंडमधल्या पोर्ट्समथहून आला. १९७०च्या दशकात जेराल्ड ब्लंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या अर्कांमध्ये सायटोकायनिनसारखी क्रिया आहे. सायटोकायनिन हे झाडाचं संजीवक. पेशींची वाढ, पानाचं हिरवेपण, म्हातारपण लांबवणं ही त्याची कामं. बटाट्यावर शेवाळाचा अर्क आणि कायनेटिन हे सायटोकायनिन शेजारी-शेजारी वापरून त्यांनी तुलना केली. पुढे अर्कात बीटेन नावाची संयुगंही सापडली. पेशीतलं पाणी टिकवून धरायला वनस्पती स्वतःच हे द्रव्य बनवतात, त्यामुळे दुष्काळाचा धागा इथे पहिल्यांदा रसायनशास्त्राला जोडला गेला.

त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत वेगळीच वाट चोखाळली गेली. तिथल्या किनाऱ्याला एक्लोनिया मॅक्सिमा हे उंच वाढणारं केल्प. ते क्षारात न शिजवता दाबाच्या एकदम बदलाने पेशी फोडून थंडच रस काढायचा, अशी ही रीत. उष्णतेने नासणारी संजीवकं त्यात शाबूत राहतात. नाताळ विद्यापीठातल्या योहानेस व्हान स्टाडेन यांच्या गटाने या रसाचा बारकाईने अभ्यास केला. त्यात ऑक्झिन भरपूर निघालं, म्हणजे मुळं फुटायला मदत करणारं संजीवक.

इथे एक गोष्ट लक्षात यायला हवी होती, पण बाजाराने ती सोयीस्करपणे विसरली. उत्तर अटलांटिकचं ॲस्कोफायलम हे शेवाळ शिजवून काढलेला अर्क आणि आफ्रिकेचं केल्प फोडून काढलेला रस ही दोन वेगळी द्रव्यं आहेत. दोन्ही ‘सी-वीड’, पण एकात जे आहे ते दुसऱ्यात त्याच प्रमाणात असेलच असं नाही.

ओहोटीत उघडं पडणारं झाड

ॲस्कोफायलम नोडोसम या शेवाळाकडे जरा जवळून पाहू. नॉर्वे, आयर्लंड, स्कॉटलंड, कॅनडाच्या नोव्हास्कोशियाचा किनारा हे त्याचं घर. खडकाला घट्ट चिकटलेले ऑलिव्ह-तपकिरी पट्टे आणि पट्ट्यात ठरावीक अंतरावर हवेचे फुगे. साधारण वर्षाला एक फुगा येतो, त्यामुळे फुगे मोजून पट्ट्याच्या वयाचा अदमास घेता येतो. भरतीला हे फुगे पट्ट्याला वर उचलतात आणि तो उजेडाकडे तोंड करून डोलतो. ओहोटीला तोच पट्टा खडकावर आडवा पडतो आणि तासन्‌तास ऊन, वारा, कधी हिमकण झेलत वाळतो. अंगातलं बरंचसं पाणी जातं. पुन्हा भरती आली की काही झालंच नाही अशा थाटात तो कामाला लागतो.

विक्रेत्यांना यापेक्षा चांगली गोष्ट कुठून मिळणार? रोज वाळण्याची सवय असलेल्या झाडाचा अर्क तुमच्या पिकालाही वाळणं सोसायला शिकवील, असा प्रचार सुरू झाला. ऐकायला गोड, पण हा पुरावा नव्हे. उंट वाळवंटात तगतो म्हणून उंटाचं दूध पिणाऱ्याला तहान लागत नाही, असं कोणी म्हणणार नाही.

पुरावा मिळवायचा तर पाणी तोडूनच पाहायला हवं होतं. ताण देणं म्हणजे काय हे आपल्या संत्रा-मोसंबीच्या बागायतदाराला वेगळं सांगायला नको. बहार धरायचा तर झाड किती तापवायचं आणि कुठे थांबायचं, यावरच त्याचं सगळं गणित असतं. फ्लोरिडा विद्यापीठात टिमोथी स्पॅन आणि हॉली लिटल यांनी कुंड्यांतल्या ‘हॅमलिन’ जातीच्या संत्र्यांना असाच ताण दिला. गरजेच्या निम्मंच पाणी द्यायचं आणि काही झाडांना ॲस्कोफायलमचा अर्क द्यायचा, काहींना नाही. २०११ साली त्यांनी निष्कर्ष छापला: ताणात अर्क मिळालेल्या रोपांची वाढ बरी राहिली. ही कुंडीतली रोपवाटिकेची रोपं होती, फळांनी लगडलेली बाग नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवायचं.

मग २०१३ साली कॅनडातल्या संशोधकांनी ब्लंडनच्या काळापासून चालत आलेल्या समजुतीलाच धक्का दिला. त्यांनी अर्कातली संजीवकं मोजली तेव्हा ती इतकी थोडी निघाली, की तेवढ्याने दिसणारा परिणाम व्हावा हे शक्य वाटेना. त्याऐवजी वेगळंच काही दिसलं. अर्क मिळालेल्या रोपांमध्ये रोपाची स्वतःची संजीवकं बनवण्याची यंत्रणाच बदलत होती. सायटोकायनिन वाढत होतं, ऑक्झिन घटत होतं. बाहेरून संजीवक पोचत नव्हतं. बाहेरून निरोप पोचत होता आणि झाड स्वतः कामाला लागत होतं.

दुष्काळाच्या बाबतीत हा निरोप कसला, हे २०१७च्या इटलीतल्या एका प्रयोगाने बरंच उलगडलं. पिसाच्या संशोधकांनी अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपाला आधी अर्क दिला आणि मग पाणी तोडलं. अर्क मिळालेल्या रोपांनी आपली पर्णरंध्रं काही अंशी मिटून घेतली. ताणाचा इशारा देणाऱ्या ॲब्सिसिक आम्लाशी निगडित जनुकं आणि पेशीतली विषारी ऑक्सिजन संयुगं निपटणारी यंत्रणा जागी झाली. पाणी जपून खर्च झालं, प्रकाशसंश्लेषणाचा गाडा मोडला नाही, आणि ज्या रोपांना अर्क नव्हता ती आधी कोलमडली.

यातला ‘आधी’ हा शब्द अधोरेखित करण्याजोगा आहे. कोमेजलेल्या रोपावर अर्क शिंपडून ते उभं राहिलं, असं हा प्रयोग सांगत नाही. ताण येण्यापूर्वी अर्क मिळाला तर रोप तयारीत राहतं, एवढंच तो सांगतो.

पुढच्याच वर्षी आयर्लंडमधल्या ट्रेली इथल्या संशोधकांनी टोमॅटोवर काम केलं आणि जुनी गाठ सोडवली. ॲस्कोफायलमपासूनच, पण वेगवेगळ्या रीतीने काढलेले अर्क त्यांनी एकाच ताणाखाली तपासले. सगळे सारखे ठरले नाहीत. पानातलं पाणी धरून ठेवण्यात, पेशींना वाचवणारी द्रव्यं साठवण्यात एकाची कामगिरी दुसऱ्यापेक्षा सरस होती. शेवाळ तेच, काढण्याची रीत वेगळी, परिणाम वेगळा. १९५०च्या दशकातल्या चाचण्या एकमेकींशी का भांडत होत्या, याचं निदान एक कारण इथे सापडतं.

मंडपमचे तराफे

रामेश्वरला जाणारी गाडी पांबनच्या पुलावर चढण्याआधी मंडपमला थांबते. महाराष्ट्रातल्या कितीतरी यात्रेकरूंनी हे स्टेशन खिडकीतून पाहिलं असेल. रामनाथपुरम हा तमिळनाडूतला पाण्याच्या दुर्भिक्षासाठी कुप्रसिद्ध जिल्हा; तिथली बदली सरकारी नोकराला शिक्षा वाटे. दुष्काळातल्या पिकांसाठीच्या भारतीय अर्काची कहाणी अशा कोरड्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर घडली.

या किनाऱ्यावरच्या बाया पिढ्यान्‌पिढ्या बोटांना चिंध्या गुंडाळून पाण्यात बुड्या मारत आणि बेटांभोवतीचं रानटी शेवाळ खडकांवरून ओरबाडून आणत. ते जाई अगर-अगर आणि अल्जिनेट बनवणाऱ्या कारखान्यांना. १९८६ साली मन्नारच्या आखातातली २१ बेटं सागरी राष्ट्रीय उद्यान झाली आणि या बायांच्या बुड्यांवर हळूहळू निर्बंध येत गेले.

दरम्यान एक परकं शेवाळ भारतात पोचलं होतं. फिलिपिन्समध्ये हवाई विद्यापीठाचे मॅक्सवेल डॉटी यांनी शेवाळाची शेती रुजवली होती. तिथल्या एका जोमदार शेवाळाला त्यांनी १९८५ साली व्हिसेंते अल्वारेझ या सहकाऱ्याचं नाव दिलं. आज ते कप्पाफायकस अल्वारेझी म्हणून ओळखलं जातं. त्यातून निघणारं कॅरॅजीनन आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत सगळीकडे घट्टपणा आणायला लागतं. भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था १९५४पासून मिठावर आणि समुद्री वनस्पतींवर काम करत होती. तिने १९८४ साली जपानहून या शेवाळाची रोपं आणली, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर ती जगवली आणि १९९०च्या दशकात आपल्या मंडपमच्या केंद्रात नेली.

लागवडीची रीत साधी होती. तीन मीटर लांब-रुंद बांबूचा तराफा, त्यावर ताणलेल्या दोऱ्या, दोऱ्यांना बांधलेले शेवाळाचे तुकडे आणि मासे कुरतडू नयेत म्हणून खाली जाळं. सुमारे ४५ दिवसांत पीक काढणीला येतं. २०००नंतर पेप्सिको कंपनी करारशेतीसाठी उतरली, बचत गटांच्या बाया तराफ्यांवर आल्या. २००१ साली वाळवून २१ टन भरलेलं पीक २०१३पर्यंत १,४९० टनांवर गेलं.

अर्काची गोष्ट या वाळवण्यात दडलेली होती. दहा किलो ओलं शेवाळ वाळून किलोभर उरे. म्हणजे कारखान्याला हवं ते कॅरॅजीनन ठेवून बाकी सगळा रस उन्हात उडून जात होता. भावनगरच्या संस्थेतले के. ईश्वरन, पुष्पितो घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा क्रम उलटा केला. शेवाळ ताजं असतानाच भरडायचं आणि गाळायचं. गाळात कॅरॅजीनन राहतं, खाली येतो तो रस शेतीला. ना क्षारात शिजवणं, ना मोठी भट्टी. एकाच पिकातून दोन माल काढण्याच्या या रीतीला २००५ साली अमेरिकेचं पेटंट मिळालं. रसात पालाश भरपूर, शिवाय सायटोकायनिन, ऑक्झिन, जिबरेलिन आणि बीटेन यांचाही अंश सापडला. पेप्सिकोचा हा धंदा २००८ साली ॲक्वाग्री या कंपनीकडे गेला आणि पुढे इफ्कोच्या साथीने हाच रस ‘सागरिका’ नावाने देशभरच्या दुकानांत पोचला.

प्रयोगही झाले. आपल्याला जवळचा आहे तो कोरडवाहू सोयाबीनवरचा, २००९ साली प्रसिद्ध झालेला. अडीच टक्क्यांपासून १५ टक्क्यांपर्यंत रस पाण्यात मिसळून दोन फवारण्या केल्या, तेव्हा १५ टक्क्यांना दाण्याचं उत्पादन नुसतं पाणी फवारलेल्या वाफ्यांपेक्षा ५७ टक्क्यांनी जास्त आलं. नंतर २०१८ साली भावनगरच्या संस्थेने मका दाणे भरण्याच्या अवस्थेत असताना पाणी तोडून पाहिलं, आणि तिथेही रसाने ताणाची झळ कमी केली.

५७ टक्के हा आकडा जाहिरातीत छान दिसतो. पण १५ टक्के म्हणजे १०० लिटर फवाऱ्यात १५ लिटर ताजा रस. दुकानातल्या बाटलीवर लिटरला दोन-तीन मिलीलिटर लिहिलेलं असतं. बाटलीतला माल आटवलेला असला तरी एका प्रयोगाचा आकडा उचलून दुसऱ्याच मात्रेच्या, दुसऱ्याच शेवाळाच्या बाटलीवर चिकटवता येत नाही. तो चिकटवला गेला, आणि सर्रास गेला.

मंडपमला दोन धक्के बसले. पहिला पर्यावरणाचा. परकं शेवाळ तराफ्यांवरून निसटून प्रवाळांवर माजेल ही भीती आधीपासून होती. २००५च्या आदेशाने तमिळनाडू सरकारने लागवडीची हद्द आखून दिली, आणि २००८ साली कुरुसडै बेटाजवळच्या प्रवाळांवर ते पसरल्याचं संशोधकांनी नोंदवलं. दुसरा धक्का २०१३नंतरचा. समुद्राचं पाणी तापलं आणि तराफ्यांवरचं शेवाळ मोठ्या प्रमाणावर कुजून मेलं. उत्पादन कोसळलं. जमिनीवरच्या पिकाला उष्णतेतून तारायला निघालेलं पीक स्वतः उष्णतेला बळी पडलं, आणि बचत गटांच्या बायांचा हंगामामागून हंगाम बुडाला. त्यानंतर केंद्र सरकारने शेवाळ शेतीसाठी मत्स्यसंपदा योजनेत तरतूद केली आणि २०२३च्या सप्टेंबरमध्ये याच जिल्ह्यात शेवाळ उद्यानाची पायाभरणी झाली, पण तापणाऱ्या पाण्यात टिकणारं बियाणं हा प्रश्न योजनेच्या रकमेने सुटणारा नाही.

टॉनिकच्या फळीवर

महाराष्ट्रातली सुमारे ८० टक्के शेती कोरडवाहू. आपला दुष्काळ बहुतेकदा वर्षभराचा नसतो. तो जुलै-ऑगस्टच्या खंडातून येतो. पेरणी झालेली, पीक डौलात, सोयाबीन फुलावर किंवा शेंगा भरण्यावर, आणि पाऊस दडी मारतो. २०२३चा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा आकडा हवामान खात्याने सांगायची गरज नव्हती.

अशा वेळी माणूस कृषी सेवा केंद्राच्या फळीसमोर उभा राहतो. तिथे ह्युमिक, अमिनो, सी-वीड अशा बाटल्यांची रांग. सगळ्यांना मिळून एकच नाव, ‘टॉनिक’. वर्षानुवर्षं ही टॉनिकं ना खताच्या कायद्यात बसत, ना कीटकनाशकाच्या. त्यामुळे बाटलीत काय आहे याचं उत्तर देणं कोणावर बंधनकारक नव्हतं. युरियाची पोती हवी असतील तर सोबत टॉनिकची बाटली घ्यावीच लागेल, हा लिंकिंगचा जाच अनेक गावांनी सोसला आहे.

कायदा आला तो २३ फेब्रुवारी २०२१ला. खत नियंत्रण आदेशात ‘बायोस्टिम्युलंट’ हा वेगळा वर्ग घातला गेला आणि त्यात वनस्पतींच्या अर्कांबरोबर समुद्री शेवाळाचे अर्क नावानिशी आले. युरोपने २०१९च्या नियमावलीत हाच वर्ग मान्य केला होता. भारतीय व्याख्येत ताण सोसण्याची क्षमता वाढवणं हे या द्रव्यांचं एक काम म्हणून लिहिलं आहे, आणि ते काम होतं की नाही हे शेतावरच्या चाचण्यांच्या आकड्यांनी दाखवायचं आहे. कंपन्यांना तात्पुरती परवानगी मिळाली, तिची मुदत वाढत गेली आणि २०२५च्या जूनमध्ये ती संपली. पुढच्याच महिन्यात केंद्रीय कृषिमंत्र्यांनी आकडे सांगितले: कधीकाळी सुमारे ३०,००० उत्पादनं बेलगाम विकली जात होती, ती ८,००० झाली आणि कडक तपासणीनंतर ६५०च्या आसपास उरली.

या चाळणीतून वर आलेल्या अर्कांकडे आता शहाणपणाने पाहता येईल. मिल्टनपासून पिसापर्यंतच्या सत्तर वर्षांनी शेतकऱ्याच्या हाती तीन प्रश्न दिले आहेत: शेवाळ कोणतं, अर्क कसा काढला, आणि द्यायचा कधी. पहिल्या दोहोंची उत्तरं लेबलवर आणि नोंदणीत असायला हवीत. नसतील तर बाटली परत फळीवर. तिसऱ्याचं उत्तर आपल्या हातात आहे. पीक हिरवं असताना, खंडाचा अंदाज येताच पहिली फवारणी. पानं दुपारी माना टाकायला लागली, जमीन भेगाळली, तर मग अर्काची वेळ टळून गेली असं समजावं. त्या अवस्थेत एका संरक्षित पाण्याची बरोबरी कोणतीच बाटली करू शकत नाही. रुंद वरंबा-सरीत मुरलेलं पाणी, शेततळ्यातला साठा, आच्छादन यांना पर्याय म्हणून हा अर्क कधीच बनलेला नव्हता. मुळाखाली ओल असेल तर ती जपून खर्चायला तो झाडाला मदत करतो. ओलच नसेल तर खर्चायला काही नाही.

आणि शेवटी, आपल्याच रानात एक गोष्ट करून पाहावी. फवारणी करताना चार ओळी कोऱ्या सोडाव्यात आणि काढणीला त्यांचं धान्य वेगळं तोलावं. मॅक्सिक्रॉपच्या काळात पत्रांच्या ढिगाने जो वाद मिटला नाही, तो आपल्या जमिनीपुरता त्या चार ओळी दोन-तीन हंगामांत मिटवतील. बाटलीचाही खर्च निघाला नाही तर पुढच्या वर्षी ते पैसे शेततळ्याच्या कागदाकडे वळवावेत.